काका आमच्या ऑफिसात

पुतणी : ...आणि शुक्रवारपर्यंत फॉर्म द्यायचाय. एक तर कायमचं कर्जरोख्यांचं टेबल, नाहीतर अजून दोन वर्षं सगळ्या विभागांतून फिरायचं. आमचे साहेब म्हणतात, आत्ताच एक धर, तिशीच्या आत नाव होईल. बरं झालं बाई तुम्हीच भेटलात! पण काका, तुम्ही आमच्या ऑफिसात कसे?

काका : हळू बोल, चिमे. वर काम आहे जरा.

पुतणी : मग सांगा ना, काय लिहू? तुम्ही तर तेविसाव्या वर्षीच एक धरलंत. बाबा म्हणतात, कंपनी गुंडाळावी तर आमच्या दादानंच.

काका : धरलं कुठलं! पहिल्या साहेबांनी एक कारखाना बंद करायला पाठवलं. नीट केला, म्हणून दुसरा दिला. मग वेगळं काही कुणी दिलंच नाही.

पुतणी : पण मान केवढा आहे!

काका : आहे की. जिन्यात लोक बाजूला होतात.

पुतणी : काहीतरीच तुमचं.

काका : नजर बसते गं. दारातून शिरलो की कळतं. ही कुंडी बघ. मातीला भेगा पडल्यात, आणि रोज शेकडो माणसं शेजारून जातात. जिन्यातला दिवा गेलाय, कुणी तक्रार करत नाही. माणसांना ठाऊक नसतं, पण त्यांचे हात थांबलेले असतात.

पुतणी : काका, काटा आला अंगावर.

काका : ती नजर ऑफिसात ठेवून घरी जाता येत नाही. तुझ्या काकूची चप्पल झिजली होती. म्हटलं, नवी घे. तर म्हणाली, कशाला आता. मी घास तसाच खाली ठेवला. तपासण्या सगळ्या चांगल्या होत्या तेव्हा.

पुतणी : पण काकू तर चारच महिन्यांत...

काका : हो.

पुतणी : तुम्हाला आधी कळलं होतं?

काका : तीन डॉक्टर केले. सगळे मलाच हसले. आणि ते चार महिने मी तिच्याकडे नुसता बघत राहिलो, कंपनीकडे बघतो तसा. दोन शब्द बोलायचे राहूनच गेले.

पुतणी : काका... तुम्ही फक्त बंद व्हायच्या कंपन्यांतच जाता ना?

काका : उशीर होतोय मला.

पुतणी : मग आज इथे कशाला बोलावलंय तुम्हाला?

काका : मी काही बोललो नाही. तू काही ऐकलं नाहीस.

पुतणी : अहो, तीनशे माणसं आहेत इथे!

काका : तीनशे बारा.

पुतणी : फाडून टाकते हा फॉर्म.

काका : फाडू नकोस, लोक बघतील. 'सगळे विभाग' लिही आणि देऊन टाक. इथे त्याचा उपयोग नाही. पण पुढे जिथे जाशील तिथेही हेच लिही.

रिसेप्शनिस्ट : साहेब, वर बोलावलंय तुम्हाला. ह्या मॅडम ओळखीच्या का?

काका : नाही हो. जिना कुठे ते विचारत होतो. येतो.

(काका जातात.)

रिसेप्शनिस्ट : बसा ना मॅडम, चेहरा किती उतरलाय तुमचा! पाणी देऊ? फार मायाळू वाटले हो ते साहेब. अकरा वर्षं या खुर्चीत बसतेय, पण येणारा माणूस माझी चौकशी कधी करत नाही.

पुतणी : काय विचारलं त्यांनी?

रिसेप्शनिस्ट : आधी नाव विचारलं. मग म्हणाले, घरी आणखी कोण कमावतं?