आधीवाल्यांचा फोटो

(कारखान्याच्या कॉलनीत सेक्टर 10 मधलं क्वार्टर, बाहेरची खोली, दुपारचे चार. बाबा स्टुलावर चढलेले. उन्नतीनं स्टूल धरलेलं. एक मोठं फ्रेम केलेलं चित्र दिवाणावर उताणं पडलेलं.)

बाबा : नीट धर. स्टूल हालून राहिलं.

उन्नती : स्टूल नाही हालत, बाबा. तुम्ही हालता.

बाबा : सकाळच्या पाळीत आठ घंटे क्रेनखाली उभा राहिलो, पाय हालन नाही तं काय. कोन येऊन राहिलं म्हन्ली पाच वाजता?

उन्नती : अभिनव. माझ्या क्लासमधला. शाळेच्या मॅगझीनसाठी चित्राचा फोटो काढायचाय. मॅडम म्हणाल्या, भिंतीवर टांगलेलं पाहिजे, दिवाणावर झोपवलेलं नको.

बाबा : अकरावीतल्या पोरीच्या चित्राले जिल्ह्यात पयला नंबर, आन बापाले टांगाची सोय सापडून नाही राहिली. खिळा तं मी ठोकत नाही.

उन्नती : माहीत आहे. आपल्या घरात खिळा ठोकत नाहीत. एबीसीडीच्या आधी शिकवलं तुम्ही.

बाबा : कावून नाही ठोकत?

उन्नती : बाबा, आता तोंडी परीक्षा नको ना.

बाबा : बोल तं खरी.

उन्नती : क्वार्टरांच्या या लाइनचं प्लास्टर आजोबांनी केलं म्हणून.

बाबा : बस? लहान होती तवा हेच सांगताना साऱ्या खोलीत नाचे. माझ्या आजोबानं भिंत केली, माझ्या आजोबानं भिंत केली. आज तोंडातल्या तोंडात.

उन्नती : मोठी झाले ना आता.

बाबा : हं. आन हे चित्राच्या जागी कॅलेंडर कोनं चिपकवलं? याले तं दोरी पन नाही.

उन्नती : ते राहू द्या. बाबा, ते काढू नका. बाबा.

बाबा : अरे बापरे. हे तं भिंत सोलून काढली.

उन्नती : ऑनलाइन ते चिकटणारे हुक मागवले होते. लिहिलं होतं, भिंतीला काही होत नाही. काल दुपारी लावलं, दहा मिनिटांत चित्र खाली. आणि हुकासोबत एवढी पोपडी निघाली.

बाबा : हात लाव भिंतीले. पंजा फिरव. पाह्य काय लागलं हाताले.

उन्नती : पांढरं.

बाबा : चुना हाय हा. दर दिवाळीले एक हात, असे किती थर बसले त्याचे. हुक चुन्याले चिपकला, भिंतीले नाही. ऑइलपेंटवर टिकते ते. पयले पंजा फिरवून पाहाचं, भुकटी लागली तं त्या हुकाचं कामच नाही.

उन्नती : तुम्ही रागावणार नाही?

बाबा : याच्यात रागवाचं काय? रविवारी पुट्टी भरू, वरून चुना मारू. काई समजत पन नाही. म्हनून तोंड पाडून बसली व्हय कालपासून? मले वाटलं शाळेत काई झालं.

उन्नती : नाही. काही नाही.

बाबा : आता पाह्य. वर रोशनदानाची सळई हाय का नाही? तिले दोन दोऱ्या बांधाच्या, नायलॉनच्या. फ्रेमच्या मागं खालच्या दोन कोपऱ्याले सायकलच्या ट्यूबचे तुकडे लावाचे, म्हनजे भिंत घासत नाही. आजोबाचा फोटो असाच टांगला होता ना मी. माय म्हने, पुसासाठी काढला. कुठी ठेवला?

उन्नती : पेटीत.

बाबा : पुसासाठी पेटीत?

उन्नती : आजीनं ठेवला.

बाबा : बरं. त्याच पेटीत आजोबाचा ओळंबा हाय, आन तो.

उन्नती : मोबाइलमध्ये लेव्हल आहे ना, बाबा. एकदम परफेक्ट दाखवतं.

बाबा : ओळंबा आन म्हन्लं ना. त्याईच्या भिंतीवर त्याईचंच चित्र, त्याईच्याच ओळंब्यानं लावू. जाय.

उन्नती : तुम्हाला कोणी सांगितलं त्यांचंच चित्र आहे?

बाबा : सांगाले कायले लागते? तोच गमछा, तेच थापी धरलेलं बोट, वाकडं. मी काय आंधळा हाय? खाली "श्रमिक" लिवलं तरी बाप मले ओळखू येते. जाय ना वं. पाच वाजतीन.

उन्नती : बाबा, खाली उतरा.

बाबा : कावून?

उन्नती : तुम्ही स्टुलावर असताना नाही सांगू शकत.

बाबा : उतरलो. बोल.

उन्नती : काल अभिनव आणि अनुजा आले होते. चित्र पाहायला. पाहून खूपच वा वा करत होते. हाथ देख, कैसे बनाए हैं, असं. मी जाम खूश. मग अभिनवने वर पाहिलं, आजोबांच्या फोटोकडे. म्हणाला, अरे, ये तो वही आदमी है. कौन हैं ये?

बाबा : मंग?

उन्नती : बक्षिसाच्या वेळी परीक्षकांनीपण विचारलं होतं, हा माणूस कोण. मी म्हणाले, कल्पनेतून काढला. तिथे सगळे होते, टाळ्या वाजत होत्या. तेव्हा तेवढं वाईट वाटलं नाही.

बाबा : काल काय म्हन्ली?

उन्नती : बाबा, त्याचे आजोबा डॉक्टर होते. त्यांचा फोटो सोनेरी फ्रेममध्ये आहे, कोट घातलेला. आणि आपल्या फोटोत बनियन, पायात चप्पल नाही, अंगभर चुना.

बाबा : काय म्हन्ली तू?

उन्नती : म्हणाले, पता नहीं. पहले इस क्वार्टर में जो रहते थे, उनका है. निकालना रह गया.

बाबा : आधीवाल्याईचा म्हन्ली.

उन्नती : तोंडातून निघून गेलं. मी ठरवलं नव्हतं.

बाबा : मायनं आयकलं?

उन्नती : ती पोह्यांच्या प्लेटा घेऊन दारातच होती.

बाबा : काई बोल्ली?

उन्नती : अभिनवने तिलाच विचारलं. दादीजी, इनका नाम नहीं पता आपको?

बाबा : आन?

उन्नती : आजी म्हणाली, नहीं बेटा, पहलेवालों का है. आणि वर म्हणाली, पोहे गरम हैं, खा लो.

बाबा : माय असं म्हन्ली.

उन्नती : माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही तिनं. ते गेल्यावर स्टूल लावून एकटीनं फोटो उतरवला. मी म्हणाले, मी काढते, पडशील. तर म्हणाली, राहू दे, तुया चित्राले जागा होईन.

बाबा : भिंतीचं असतं तं रविवारी भरून देल्लं असतं मी.

उन्नती : रागवा ना बाबा. एक थापड मारा.

बाबा : नाही. मी हातपाय धुवून येतो. ट्यूबचे तुकडे त्या डब्यात हायत. लावाचं तं लाव, नाही तं राहू दे.

उन्नती : बाबा.

बाबा : मायले विचार. मले नको विचारू.

उन्नती : (आतल्या खोलीच्या दारातून) आजी. जागी आहेस?

आजी : दुपारी कोन झोपते? आयकूनच राहिली होती. तुया बाप मोठ्यानं बोलते, क्रेनवाल्याईची सवय.

उन्नती : सगळं ऐकलं?

आजी : काल आयकलं ते जास्त होतं. आजचं तं तेच हाय.

उन्नती : आजी, तू खरं का नाही सांगितलंस? तू सांगितलं असतंस तर मी तिथेच मेले असते, पण ते बरं झालं असतं.

आजी : म्हनूनच नाही सांगतलं. दोस्ताईसमोर तोंड कुठी लपवलं असतं तू? घरात तं मी हाय पाहाले.

उन्नती : तुला राग नाही आला?

आजी : आला ना. पोह्यात मीठ दोनदा पडलं. त्या पोट्ट्यानं अर्धे सोडले, पाहालं नाही?

उन्नती : मला वाटलं त्याला आवडले नाहीत.

आजी : मीठ तोंडात घेऊन कोनाले आवडते?

उन्नती : हसवू नकोस, आजी. मला आत्ता हसायचं नाहीये.

आजी : हसू नको मंग. एक गोठ सांग. लगन होऊन आली तवापासून म्या त्याईचं नाव घेतलं नाही. राशनच्या दुकानात घेतलं नाही, दवाखान्यात घेतलं नाही. पेन्शनच्या खिडकीवर बाबूनं विचारलं तं तुया बापाले पुढं केलं. आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव घेत नाही, ते रीतच हाय. मले तं रीत आडवी हाय, लेकी. तुले काय आडवं आलं? मी भांडून नाही राहिली. विचारून राहिली. रातभर समजलं नाही मले.

उन्नती : मला वाटलं, चित्रातले आजोबा सगळ्यांना आवडले आहेत. फोटोतले आवडणार नाहीत.

आजी : दोघं एकच हायत ना पन?

उन्नती : हो.

आजी : त्या फोटोच्या दिवशी ठेकेदार म्हने, अंग धुवून ये, मंग फोटो काढू. हे म्हने, अशेच काढा, भिंत पन आली पायजे मागं. फोटोत मागं जे भिंत हाय, ते हेच. तू हुक चिपकवला ते.

उन्नती : हे मला कधीच नाही सांगितलंस.

आजी : तू कवा विचारलं? तू फक्त हात पाहाले त्याईचे. चित्रासाठी.

उन्नती : पेटीची चाबी दे.

आजी : कायले?

उन्नती : फोटो काढते. ओळंबापण. आणि त्या चित्राखालची चिठ्ठी बदलते, "श्रमिक" लिहिलेली.

आजी : बक्षीस त्याच नावावर भेटलं ना? शाळेवाले कटकट करतीन.

उन्नती : करू दे. बाबा! पाय धुऊन झाले का? दोन दोऱ्या नाही, चार लागतील.

बाबा : कायले चार?

उन्नती : दोन फ्रेमा आहेत. फोटो वर, चित्र खाली. तुम्ही स्टुलावर चढा, मी ओळंबा सोडते.

बाबा : माय, तू म्हन्ली इले?

आजी : म्या काई नाही म्हन्लं. चाबी मागतली, देली. भिंतीले टेकवाच्या पयले दोन्ही फ्रेमाले रबर लावा. भिंतीले ओरखडा आला तं मी बोलीन मंग.

उन्नती : बाबा, डावीकडे थोडं. अजून. थांबा, ओळंबा हलतोय.

बाबा : ओळंबा नाही हालत. हात हालते तुया.

उन्नती : हो.

बाबा : श्वास सोड. आता थांबला. बांधतो.

आजी : खालच्या चिठ्ठीवर काय लिवलं वं? मले वाचता नाही येत.

उन्नती : केवलराम गवंडी. माझे आजोबा. आणि खाली, या भिंतीचं काम त्यांचं.

आजी : अक्षर मोठं हाय का? लहान असन तं त्या पोट्ट्याच्या मोबाइलात येनार नाही.

उन्नती : मोठं आहे. पण आजी, त्याला चिठ्ठी वाचायला लावणार नाही मी. तोंडानंच सांगते. काल खोटं बोलले, तेपण. तू फक्त माझ्यासाठी खोटं बोललीस, तेपण.

आजी : माझं नको सांगू.

उन्नती : सांगावं लागेल. नाही तर तू खोटी पडशील.

बाबा : बेल वाजली. मी उघडू?

उन्नती : नाही, मी जाते. आजी, माझं तोंड कसं दिसतंय?

आजी : रडल्यासारखं.

उन्नती : धुऊन येऊ?

आजी : असंच जाय. आन नाव घेशीन तवा खाली नको पाहू.