चेतकाला गुदगुल्या

बाभुळगावच्या एसटी थांब्यावर वामनराव गुरुजी पेपर वाचत बसले होते. शेजारी शाळेच्या नाटकातली राणा प्रताप समीक्षा आणि तिचा घोडा चेतक, म्हणजे ऋतिक, भांडत होते.

"नाल्यावरून उडी मारून मेला ना तू? मंग मेलेला घोडा हसते काहून?"

"तू गळ्यात पडून रडतं, तं तुही कापसाची मिशी मले गुदगुल्या करते!"

"आज हसला तं बाई रोशनले चेतक करतीन."

"मिशी काढ मंग."

"बिनमिशीचा राणा असते काय? तू हसला का मी मोठ्यानं रडीन, तुह्यं हसू कोणाले ऐकूच येणार नाही. पडून पाह्य बरं."

ऋतिक बाकावर आडवा झाला. समीक्षानं असा हंबरडा फोडला की कंडक्टर नुकत्याच येऊन थांबलेल्या बसमधून धावत उतरला.

"कोण गेलं हो?"

गुरुजींनी पेपर तोंडावर धरला.

"आमचा घोडा," ते कसेबसे म्हणाले.