आईची सवलत

सिंगापुरात चोआ चू कांगच्या बसथांब्यावर शेजारी उभ्या अनोळखी बहीणभावाचं मराठी ऐकून सुबोधने चेहरा कोरा ठेवला. पण दिवसभर ऑफिसात लोकांचे टॅक्स निस्तरणाऱ्याचे कान टवकारलेच.

"ताई, यंदा आईची टॅक्स सवलत मी घेतो. ती राहते माझ्याकडे."

"यशोधन, दिवाळीत तूच म्हणालास, फ्लॅट लहान पडतो, आईला तू ने."

"लहानच आहे. फक्त टॅक्स भरायला बसलो की मोठा वाटतो."

"माझंही तेच. एरवी ती बोलायला लागली की मी इअरफोन घालते. टॅक्सच्या दिवसांत मात्र अगदी श्रावणबाळ."

"हळू बोल."

"इथे कोणाला कळतंय मराठी?"

सुबोधला राहवेना. "सवलत दोघांत वाटून घेता येते."

दोघंही गोरीमोरी झाली.

"तुम्ही सगळं ऐकलंत?"

"फक्त टॅक्सचं. सध्या आई आहेत कोणाकडे?"

"ताईकडे. कालच गेली."

"माझ्याकडे? मला तर काल फोनवर म्हणाली, यशोधन सोडतच नाही."