दोना झुल्मिरांच्या मागच्या खोलीतले आवाज

"इहलोक आणि परलोक यांच्यामधलं दार आपल्या गावात उघडलंय, इरासेमा!"

"कुठे?"

"माझ्या मागच्या खोलीत. कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी."

बेकरीच्या रांगेत घरमालकीण दोना झुल्मिरांच्या मागेच उभ्या असलेल्या इवांद्रोने टोपी खाली ओढली. त्या खोलीत बसून साओ पावलोतल्या ऑफिसचं काम व्हिडिओ कॉलवरून तोच करत होता.

"तो बेकार पोरगा?"

"बेकार कसला! रोज सकाळी नऊला आत्म्यांना हाका मारतो. 'आहात का? माझा आवाज येतोय का?' मग म्हणतो, 'मार्सियो गेले वाटतं.'"

"अगं बाई!"

"आणि लगेच, 'आले, आले परत!'"

"आत्मे नऊच्या ठोक्याला येतात?"

"साओ पावलोचे असतील. आपले कुठले यायला, सोयाबीन पेरून झाल्याशिवाय!"

"मग तुझ्या नवऱ्याला, ओनोफ्रेला बोलवायला सांग की त्या पोराला."

"धीर होत नाही गं. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. काय बोलायचं, तेच रोज घोकतेय."

दोना झुल्मिरा वळल्या. इवांद्रोने खुलासा करायला तोंड उघडलं, पण त्यांनी त्याचा हात घट्ट धरला होता.

"बाळा, आमचे हे भेटले तर एवढंच विचार, विहिरीचा पंप लावताना आधी कुठलं बटण दाबायचं?"