काठावरचा माणूस

आदरणीय अध्यक्ष महाराज, व्यासपीठावर बसलेले वीजकेंद्राचे आणि तेलक्षेत्राचे साहेब लोक, समोरच्या माझ्या मैत्रिणी, आणि खुर्ची न मिळाल्याने दाराशी उभे असलेले सगळे, तुम्हा सर्वांना माझा नमस्कार.

यांच्या निवृत्तीनिमित्त काय काय आलं ते आधी सांगते, म्हणजे पोच मिळेल. भिंतीवरचं घड्याळ एक, चाकांची बॅग एक, आणि हा गुच्छ. गुच्छाची किंमत मी फुलवाल्याला विचारलीच. तेवढ्यात आमची आठवड्याची भाजी झाली असती. असो. देणाऱ्याचं मन मोठं. हे आज बोलणार नाहीत. "तूच बोल, तुला सवय आहे," म्हणाले. ही सवय मला लागली कशी, तेच सांगते.

मी मॅट्रिक झालेली बाई. यांचं काम मला स्वयंपाकघरात उमगलं. तेलाचा डबा कितीही पालथा घातला तरी तळाशी थोडं चिकटून राहतंच ना? जमिनीखालच्या तेलाचंही तसंच. वीजकेंद्राच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड वेगळा काढायचा, दाबून नळातून इकडे आणायचा आणि जुन्या विहिरींतून खाली सोडायचा. तो मिसळला की चिकटलेलं तेल पातळ होऊन वर येतं, आणि गॅस बराचसा खालीच राहतो. काटकसरी बाईला पटेल असंच काम. मी म्हटलं, देवाने काय बुद्धी दिली हो माणसाला!

पण या गॅसला ना रंग, ना वास. शिवाय हवेपेक्षा जड. गळला की खोलगट जागा धरून बसतो. आणि आपला मधला व्हॉल्व्ह कुठे? नेमका खळग्यात. म्हणून तिथे जोडीनेच जायचं. एकाने उतरायचं, एकाने काठावर थांबायचं. खालच्याने तोंड सारखं चालू ठेवायचं. आवाज थांबला तर वरच्याने तसंच धावायचं नाही. भोंगा वाजवायचा, प्राणवायूचा मुखवटा चढवायचा, मगच उतरायचं.

यांच्या जोडीदाराला मी भाऊजी म्हणायची. ते खाली उतरले की गात, आणि इतके बेसूर, की हे वरून ओरडत, "अरे, गॅस परवडला, गाणं आवर!" हे उतरले की पाढे म्हणत. मग भाऊजी वरून, "मास्तर, एकोणिसाचा चुकला, पुन्हा पहिल्यापासून!" "वर येऊ दे, कान धरतो तुझा!"

एके दिवशी भाऊजींचं गाणं अर्ध्या ओळीत थांबलं.

यांनी नियम पाळला. भोंगा वाजवला, मुखवटा चढवला, पट्टे आवळले, मग उतरले. भाऊजींना वर आणलं, पण भाऊजी उरले नव्हते. तसेच धावले असते तर दोघेही गेले असते, असं डॉक्टरांनी सांगितलं, साहेबांनीही सांगितलं. यांना ते पटतंही. पण पट्टे आवळायला जो वेळ लागला, तो काही संपला नाही. तो आमच्या घरात राहायला आला.

पूर्वी मी देवाचं नाव मनातल्या मनात घ्यायची. आता मोठ्याने घेते. कारण ओट्याशी मी गप्प झाले की बाहेरच्या खोलीतून "काय गं?" येतं. उत्तर लगेच गेलं नाही तर हे उठतात. धावत येत नाहीत. दारात थबकतात आणि दोन्ही हात तोंडापाशी नेतात. मी म्हणते, "आहे हो, इथेच आहे." शेजारीण विचारते, "वहिनी, तुमच्याकडे सारखे पाहुणे असतात का?" काय सांगू तिला? भुताखेतांवर माझा विश्वास नाही. पण कधी बोलता बोलता दम घ्यायला थांबले, तर आतल्या खोलीत कुणीतरी तीच ओळ म्हणतंय असं वाटतं. अर्ध्यापर्यंतच. मग मी घाईघाईने पुन्हा बोलायला लागते.

आता मुद्द्याचं. अध्यक्ष महाराज, भाऊजींची लेक तिसऱ्या रांगेत बसली आहे. इंजिनिअर झाली. यांच्या जागी एक तारखेपासून तीच खळग्यात उतरणार, याचा आम्हाला केवढा अभिमान! पण काठावरची जागा रद्द झाली म्हणे. परवा ती आमच्याकडे जेवायला आली, तेव्हा मी तिला विचारलं, "वर कोण गं?"

"काकू, कमरेला यंत्र असतं. गॅस वाढला की शिट्टी वाजते."

"शिट्टी वाजेल गं बाई, ऐकायला कोण?"

ती हसली. हसणं थेट बापाचं. हे ताटावरून उठून बाहेर गेले.

यंत्राला मी नावं ठेवत नाही. एका पगाराची बचत होते, हेही कळतं. बचत मला कुणी शिकवायला नको. पण दिवा मालवून तेल वाचवावं ते खोली रिकामी असताना. लेकरू जिना उतरत असताना नव्हे. साहेब, चुकतंय का माझं?

तुम्ही आमचा मान केलात, त्याबद्दल आम्ही दोघं ऋणी आहोत. बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर घरातली बाई बोलली असं समजून पोटात घाला. दुसऱ्या कुणाची सोय झाली नाही, तर एक तारखेला हे आपणहून काठावर जाऊन उभे राहतील. मी त्यांना अडवू शकणार नाही, आणि त्यांचे हात आता थरथरतात. म्हणून आश्वासन नको, टाळ्याही नकोत. त्या दिवशी तिच्या वर कोण उभं राहणार, त्या माणसाचं नाव तेवढं उलट टपाली कळवावं.