टॉवरवरून पहिला फोन

कानाच्या दवाखान्यात एक शिक्षिका नंबराची वाट बघत बसली होती. तिच्या मागच्या बाकावर एक म्हातारं जोडपं येऊन टेकलं. म्हातारा बायकोसाठी ओरडूनच बोलत होता, त्यामुळे सगळं आपसूक शिक्षिकेच्या कानावर पडत होतं.

"आत मशीनवर आवाज लावतील. ऐकू आला तरच हो म्हणायचं!"

"मला शिकवू नका. जन्मभर मोबाइलचे टॉवर उभे केलेत तुम्ही, आणि दर टॉवरवरून पहिला फोन मलाच."

"नियमच होता माझा! 'ऐकू येतंय का' विचारायचं, तू 'येतंय' म्हणालीस की खाली उतरायचं."

"निम्म्या वेळा नुसती खरखर असायची."

"काय? मग 'येतंय' असं का म्हणायचीस?"

"तुम्ही वर वाऱ्यात लोंबकळत होतात. नाही म्हटलं असतं, तर पुन्हा अँटेना फिरवत बसला असता."

"अगं बाई! म्हणून दुसऱ्या दिवशी लोकांच्या शिव्या खायचो मी!"

"जमिनीवर उभं राहून खायचात ना? मग झालं तर."



"आज तसलं काही करू नकोस. ऐकू नाही आलं तर सरळ नाही म्हण."

"डॉक्टरांना म्हणेन की."

तेवढ्यात नर्सने त्यांचा नंबर पुकारला. म्हाताऱ्याने बायकोला हात धरून उठवलं. ती दाराकडे बघत असताना तो तिच्यामागून इतकं हळू बोलला, की शिक्षिकेलाही जेमतेम ऐकू आलं.

"ऐकू येतंय का गं?"

"येतंय," म्हातारी म्हणाली.