मालगाडीचा फोटो अन् माहं बुजगावणं

असा कसा म्हणते गा तो, का जागा कोणाच्या बापाची नाही? माह्या बापाचीच हाये! रेल्वेची हद्द तारेच्या तिकडं, माहा हरभरा इकडं.

ऐक बापू, त्याले तूच आणलं होतं. तुह्या भाच्याचा दोस्त, नागपूरचा, मालगाड्यायचे फोटो काढते म्हणे. म्या म्हटलं, काढू दे. धुऱ्यावर, बांधावर उभा केला, बायकोनं चहा पाजला. वळणावर कोळशाची गाडी आली तं मले म्हणते, "काका, जरा बाजूला व्हा. तुम्ही फोटोत येऊन राहिले."

म्या म्हटलं, "अन् थे बुजगावणं?"

"ते राहू द्या. ते चांगलं दिसते."

हासू नको. माह्याच वावरात बुजगावणं चांगलं अन् मी खराब! तरी सरकलो.

पण त्या बयताडानं जागेचा पत्ता मोबाइलवर टाकून देल्ला. रविवारी मी पारशिवनीले गेलो, तं दुसरेच फोटोवाले आले. त्यायले बुजगावणं आडवं येत होतं, म्हणून उपटलं, धुऱ्यावर झोपवलं अन् तसंच सोडून गेले. येऊन पाहतो तं पोपटायनं अर्ध्या वावरातले घाटे फोडले होते. काल त्या नागपूरवाल्याले फोन केला, तं वरून बाप काढते माहा! आता तं माहा फोनच नाही उचलत.

तुहा उचलन. त्याले म्हण, पत्ता काढ मोबाइलवरून, अन् हरभरा निघेपर्यंत बुजगावण्याच्या जागी येऊन उभा राह. चांगला दिसशील.

चहा ठेव खाली. लाव फोन.